ट्यूबवर पडून नदीतून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. "तो फोटो कुठल्या नदीचा?" इथपासून "मला पोहता येत नाही, येऊ का?" इथपर्यंत. आम्ही काही मित्रमैत्रिणी बरीच वर्षं थंडीत सिंधुदुर्गातल्या एका नदीतून ट्यूबवर पडून तरंगत जातो. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत ते एका उत्तरातून दुसऱ्याकडे पाठवता यावं म्हणून.

१. हे नक्की असतं काय? राफ्टिंगच ना?

नाही. राफ्टिंगमध्ये तुम्ही पाण्याशी भांडता, इथे पाणी नेईल तिकडे जाता. ट्रकच्या टायरमधली हवा भरलेली ट्यूब घ्यायची, तिच्या भोकात बूड टेकवून आडवं व्हायचं आणि गुडघ्या-कमरेएवढ्या संथ पाण्यातून दोनेक किलोमीटर खाली यायचं. वाटेत खंड्या दिसतो, कुणाच्या तरी बागेतली सुपारी डोक्यावरून जाते, कुणी घोरतं. पहिल्या वर्षी घाटावर कपडे धुणाऱ्या एका आजीने विचारलं होतं, "टायरार बसान खंय चललास रे, पंढरपुराक?" तेव्हापासून आमच्या सहलीचं नाव वारी.

२. कुठल्या महिन्यात यायचं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर. तोवर गढूळपणा बसलेला असतो, तळ दिसतो आणि धार अजून जिवंत असते. ऑक्टोबर फसवा. पाणी भरपूर असतं, पण परतीच्या पावसात दुपारनंतर घाटाकडे गडगडायला लागलं की नदीचा भरवसा नाही, आणि मोकळ्या पाण्यात विजेचाही नाही. फेब्रुवारीत धार तुटते आणि नुसते डोह उरतात. मार्चनंतर ट्यूब तुम्हाला नेत नाही, तुम्ही ट्यूबला नेता.

३. पावसाळ्यात तर नदी दुथडी भरलेली असते. खरी मजा तेव्हाच नाही का?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो आणि उत्तर दर जूनमध्ये तेच असतं : नाही.

कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यात सरळ रेषेत बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरसुद्धा नाहीत. वर आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत. ते पाणी खाली यायला दिवस लागत नाहीत, तास लागतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि घाटावर ढग फुटलेला असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीने ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल एसटी बससकट नेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. जे पाणी पूल नेतं त्याच्यापुढे रबराची ट्यूब म्हणजे काय?

शिवाय पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर आणि नदीपात्रांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश असतात. पूर्वी कलम १४४ म्हणत, जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. क्रमांक बदलला, पोलीस तेच.

४. नदीचं आणि गावाचं नाव का सांगत नाही?

कारण एकदा सांगितलं होतं. पुढच्या रविवारी तिथे गाड्या, स्पीकर आणि फुटलेल्या बाटल्या. गावकऱ्यांनी आम्हालाच जाब विचारला, आणि बरोबर विचारला.

पण खरं कारण वेगळं आहे. माझा पट्टा तुमच्या उपयोगाचा नाही. नदी दर पावसाळ्यात पात्र बदलते. गेल्या वर्षीची वाळू यंदा नसते, आणि जिथे कंबरभर पाणी होतं तिथे डोह झालेला असतो. गड, कर्ली, तेरेखोल किंवा त्यांना मिळणारे व्हाळ (ओढे), तुमच्या ओळखीच्या माणसाचं घर ज्या काठावर असेल ती नदी तुमची.

५. मग आपला पट्टा निवडायचा कसा?

चालून. दुसरा मार्ग नाही. ड्रोनने नाही, नकाशावरूनही नाही. नकाशात नदी निळी रेघ असते, तिला दगड नसतात.

आदल्या दिवशी दोघांनी सबंध पट्टा पात्रातून आणि काठाने चालून काढायचा, हातात एक लांब काठी घेऊन. पाणी गुडघ्याच्या खाली की छातीच्या वर, काठी सांगते. या गोष्टी बघायच्या : वाकून पाण्यात शिरलेली झाडं आणि बांबूची बेटं, पात्राच्या आरपार लावलेली मासेमारीची जाळी, बंधारे (प्रश्न १४), बाहेरच्या वळणाला काठ पोखरून गेलेली धार, आणि कोंड. कोंड म्हणजे खोल डोह. वरून तो सर्वांत शांत दिसतो, म्हणूनच पाहुणे तिथेच बुडतात. प्रत्येक कोंडाला नाव असतं आणि बहुतेक नावांमागे एक मेलेलं माणूस किंवा एक देव असतो. गावात विचारा. "फुडे कोंड आसा, सांभाळून जावा" हे वाक्य सगळ्या ॲपपेक्षा मोलाचं आहे. काही कोंडांतले मासे देवाचे मानतात, जसं महाडकडे वाळणकोंडात. अशा ठिकाणी उतरायचंच नाही, वळसा घालायचा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाहेर पडायची जागा. आत कुठूनही शिरता येतं. बाहेर पडायला उताराचा, शेवाळ नसलेला काठ लागतो, आणि तो पाण्यातून लांबून ओळखू यायला हवा. आम्ही त्या जागी काठावरच्या झाडाला जुनी लाल लुंगी बांधतो. एका वर्षी बांधायची राहिली. गप्पांच्या नादात आम्ही ती जागा ओलांडून गेलो, आणि पुढे काय झालं ते प्रश्न ६ मध्ये.

पाऊण-एक तासावर मधली एक पर्यायी जागाही हेरून ठेवा. कुणाला थंडी वाजते, कुणाचं पोट बिघडतं, दोघांचं भांडण होतं.

६. नदीत भरती-ओहोटीचा काय संबंध? आम्ही समुद्रात जातच नाही.

समुद्र तुमच्याकडे येतो. कोकणातल्या नद्यांच्या खालच्या टप्प्यात भरतीचं पाणी कित्येक किलोमीटर आत चढतं. खाडी ती हीच. लुंगी न बांधलेल्या वर्षी आम्ही नेमके तिथे पोचलो, भरती चढत असताना. पाऊण तास एकाच माडासमोर होतो. हातांनी वल्हवून दहा हात पुढे जायचं आणि दम खायला थांबलं की बारा हात मागे. शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोर टाकून ओढून नेलं आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खाडी सुरू झाली हे ओळखायच्या खुणा : काठावर खारफुटी दिसू लागते, वाळूची जागा काळा गाळ घेतो, दगडांवर कालवं चिकटलेली असतात. शंका आली तर पाणी चाखा.

वेळ काढायची जुनी रीत आहे : पंचांगातली तिथी पाऊणने गुणायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज किनाऱ्याचा, नदीत आत जाल तसा उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी आणखी आत चढतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते तेव्हा कमी. नीट वेळ हवी असेल तर भरतीचं छापील कोष्टक बघा. सहल मात्र खाडीच्या दोन वळणं वरच संपवा.

७. ट्यूब कुठून आणायची? ऑनलाइन मिळतात त्या रंगीत चालतील?

पोहण्याच्या तलावासाठीच्या रंगीत ट्यूब नदीत एका दगडाच्या गिऱ्हाईक असतात. आम्ही हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूब घेतो. १०.००-२० मापाच्या टायरची ट्यूब मोठ्या माणसाला बरोबर होते. अलीकडे ट्यूबलेस टायरांमुळे जुन्या ट्यूब मिळायला वेळ लागतो, तेव्हा महिनाभर आधी सांगून ठेवा. चार ठिगळं असली तरी हरकत नाही, पण वॉल्व्हच्या मुळाशी भेग असलेली घेऊ नका. तिथे ठिगळ टिकत नाही.

हवा भरताना मोह आवरा. टायरच्या बाहेर भरलेल्या ट्यूबला आवरायला काही नसतं, ती एका बाजूने फुगत जाते. हाताने दाबल्यावर बोटं सहज आत जातील इतकीच भरा. काळं रबर उन्हात तापतं आणि आतली हवा आणखी फुगते. उतरण्याआधी ट्यूब सावलीत ठेवा आणि बसण्याआधी पाण्याने भिजवा, नाहीतर मांड्यांना चटका ठरलेला.

आणि वॉल्व्ह. ती पितळी दांडी आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी तुमच्या पाठीकडे असते. आमच्या एका मित्राच्या कमरेवर सहा इंची ओरखडा आहे, तो घरी मांजराने काढला म्हणून सांगितला गेला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांडीवर गुंडाळा, वरून सुतळी बांधा.

८. बसायचं कसं? मी पहिल्याच मिनिटाला उलटेन.

उलटाल, आणि पाणी गुडघाभर असेल. गुडघाभर पाण्यात उभं राहा, ट्यूब मागे धरा आणि आरामखुर्चीत बसतो तसं बूड भोकात टाका. पाठ एका कडेवर, गुडघ्यांची मागची बाजू दुसऱ्या कडेवर. हात मोकळे, तेच वल्ही. तोंड शक्यतो पाणी जातं त्या दिशेला, पाय पुढे, म्हणजे दगड आला तर तळव्याने ढकलता येतो.

उथळ खळाळ आला की पुढचा ओरडतो, "बूड उचला!" आमची एवढीच आज्ञा आहे. न ऐकणाऱ्याला पुढचे दोन दिवस बसताना ती आठवते.

ट्यूब सुटून वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. ही गोष्ट उलटी वाटते म्हणून जरा सविस्तर. धारेत पाय टेकला आणि दोन दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारं पाणी तुम्हाला पुढे वाकवतं, आणि मांडीएवढ्या पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. त्यापेक्षा उताणं व्हा, पाय पुढे आणि वर, बोटं पाण्याबाहेर दिसतील असे. संथ जागी पोचलात की मगच उभे राहा.

९. पोहता येत नाही. येऊ का?

या. आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही. पण तीन अटी : जॅकेट अंगावरून निघणार नाही, आजूबाजूला पोहणारा जोडीदार ठरलेला असेल आणि कोंडाच्या जागी तुम्ही काठाने चालत जाल. यातली एक जरी पटत नसेल तर काठावर बसा, चहाची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवीच आहे.

१०. पोहणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालायचं? फोटोत सगळे नारंगी भोपळे दिसतात.

हो, सगळ्यांनी. पोहणारा दगडावर डोकं आपटून बेशुद्ध झाला तर त्याची पोहण्याची कला उपयोगाची नाही. जॅकेट मापाचं आहे का, ते असं बघा : पट्टे आवळून झाल्यावर दुसऱ्याने खांद्यांना धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमचं नाही. फाटक्या पट्ट्याचं, आत थर्माकोलचा चुरा झालेलं जॅकेट भाड्याने मिळालं तर परत करा. ट्यूब हे तरंगायचं साधन आहे, जीव वाचवायचं नाही. ती पहिल्या धक्क्याला हातातून जाते.

११. मुलांना आणि आईबाबांना आणलं तर?

बारा वर्षांखालच्या मुलांना आम्ही धारेत नेत नाही. शेवटच्या संथ जागी, गुडघाभर पाण्यात, मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तर खेळू द्या. ज्येष्ठांचं वयापेक्षा गुडघ्यांवर ठरवा, कारण ट्यूबमधून उठणं हेच सर्वांत अवघड काम. गरोदर बाई, फिट येणारी माणसं आणि हृदयाचा त्रास असलेले यांनी पाण्यात येऊ नये. आमच्या एका मैत्रिणीचे सासरे दर वर्षी काठावर खुर्ची टाकून बसतात आणि कोण कितव्या मिनिटाला उलटला ते वहीत लिहितात.

१२. कपडे, चष्मा, मोबाइल, गाडीची किल्ली?

पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी, दोन्ही लवकर वाळणारी. जीन्स नको, ओढणी नको, लोंबणारं काहीच नको. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. स्लिपर समुद्राला अर्पण होतात. चष्म्याला मागून दोरी. अंगठ्या, मंगळसूत्र, साखळी घरी. मोबाइल एकच न्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, जॅकेटच्या आत. किल्ली चहावाल्याकडे, म्हणजे काठावरच्याकडे (प्रश्न ९).

१३. सगळ्या ट्यूब दोरीने एकत्र बांधल्या तर? गप्पा मारत जाता येईल.

कल्पना छान, प्रत्यक्षात घात. बांधलेल्या सहा ट्यूब पाण्यात पडलेल्या झाडाला दोन्ही बाजूंनी मिठी मारतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणसं आणि रबर तिथेच दाबून धरली जातात. संथ डोहात एकमेकांच्या ट्यूबला हाताने धरा, पुढे आवाज वाढला की सोडा. खाण्याच्या डब्याची ट्यूब ओढायची असेल तर दोर कमरेला बांधू नका, हातात धरा.

१४. मध्ये बंधारा आडवा आला. वरून घसरत गेलो तर?

कधीच नाही, अगदी दोन हात उंचीचा असला तरी. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी गोल फिरतं आणि खाली गेलेली वस्तू पुन्हा बंधाऱ्याकडे खेचतं. एखादं लाकूड तासभर तिथल्या तिथे गिरक्या घेताना दिसेल. माणसाचंही तेच होतं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही चालून बघितलेला मोकळा पट्टा डिसेंबरात अडवलेला असू शकतो. वरच्या बाजूला पाणी एकदम थांबल्यासारखं झालं आणि पुढे नदीची रेघ सरळ कापल्यासारखी दिसली तर तो बंधाराच. पन्नास पावलं आधीच काठाला लागा, ट्यूब डोक्यावर घ्या आणि चालत पलीकडे जा.

गावकऱ्यांनी गोणत्यांत माती भरून घातलेल्या वनराई बंधाऱ्यावर पायही देऊ नका. त्यात त्यांच्या विहिरींचं मे महिन्याचं पाणी आहे.

१५. मगरी असतात का? खरं सांगा.

काही नद्यांत असतात. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री आणि खेडची जगबुडी इथे मगरी आहेत, चिपळुणात तर पावसाळ्यात रस्त्यावरही दिसतात. या नद्यांत ट्यूब घालायची नाही, चर्चा संपली. बाकी ठिकाणी मासेमारी करणाऱ्यांना विचारा. "नसत" आणि "आमी तरी बघूक नाय" या दोन उत्तरांत फरक आहे, दुसरं मिळालं तर नदी बदला.

१६. साप, जळवा, लेप्टो?

जळवा पावसाळ्यातल्या. पाण्यातले बहुतेक साप बिनविषारी. काळजी काठावरची : जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, लहानसं आणि मातीच्या रंगाचं. दगडाखाली न बघता हात घालू नका, काठाने अनवाणी चालू नका. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हालचाल कमी करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा, लस तिथे मिळते.

लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला, आमच्या जिल्ह्यात हसण्यावारी नेत नाहीत. उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाणी अंगावरच्या जखमेतून आत गेलं की तो होतो. धोका पावसाळ्यात आणि भातशेतीच्या चिखलात सर्वाधिक, वाहत्या स्वच्छ पाण्यात कमी, पण शून्य नाही. उघडी जखम असेल तर त्या वर्षी काठावर राहा. परतल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळ, डोळे लाल, असं काही झालं तर डॉक्टरांना "नदीत उतरलो होतो" हे पहिलं वाक्य सांगा. मुंबईत हे वाक्य न सांगितल्याने दोन दिवस डेंग्यूच्या तपासण्यांत गेल्याचं उदाहरण आमच्याच गटात आहे.

१७. थंडगार बिअर तर चालेल ना? तरंगत तरंगत?

संध्याकाळी, अंगणात, पाय जमिनीला टेकलेले असताना. पाण्यात नाही. आणि आदल्या रात्रीची उतरली नसेल तर सकाळीही नाही. यावरून आमचे दोन मित्र कायमचे यायचे थांबले. बाकीचे सगळे दर वर्षी परत येतात.

१८. कुणाची परवानगी लागते का?

आपापसात चार मित्र जात असतील तर आम्ही तीन ठिकाणी सांगतो : ज्याच्या बागेतून उतरायचं आणि ज्याच्या बागेतून बाहेर पडायचं ते दोघे, आणि गावचे पोलीस पाटील. नदी कुणाची नसली तरी काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. न विचारता कुंपण ओलांडलेलं कोकणात तीन पिढ्या लक्षात ठेवतात. पोलीस पाटलांना किती जण, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, एवढं कळवायचं. उशीर झाला तर शोधायला येणारं पहिलं माणूस तेच. पैसे घेऊन लोकांना नेणार असाल तर गोष्ट वेगळी, मग पर्यटन संचालनालयाची नोंदणी वगैरे सगळं आलं.

आमच्यातला एक जण उतरण्याआधी काठावरच्या राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी फारसा श्रद्धाळू नाही, पण त्या पाच मिनिटांत सगळे गप्प उभे राहतात आणि माणसं मोजून होतात.

१९. मुंबईहून शनिवार-रविवारात बसतं का?

बसतं. शुक्रवारी रात्री कोकणकन्या किंवा तुतारी पकडा आणि कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं पटापट संपतात. शनिवारी दुपारी पट्टा चालून काढा. रविवारी ऊन थोडं वर आलं की साडेनऊला पाण्यात, बाराला बाहेर, संध्याकाळच्या गाडीने परत. शनिवारी सकाळी पोचून लगेच उडी मारायची आणि पट्टा बघायचा नाही, हा बेत मी दर वर्षी मोडीत काढतो. दोन किलोमीटरला अडीच तास धरा. धारेत तुम्ही चालण्याच्या निम्म्या वेगाने जाता आणि डोहात जातच नाही.

२०. जेवणाचं काय?

पाण्यात उतरण्याआधी दोन घावणे आणि चहा, पोट भरून नाही. वाटेत भिजणार नाही अशा डब्यात चिक्की, केळी आणि प्यायचं पाणी. पाण्यात असलं की तहान कळत नाही आणि दुपारी डोकं धरतं. बाहेर आल्यावर गरम पेज, सुक्या बांगड्याची चटणी, सोलकढी. हे ज्यांच्या घरी होतं त्या मावशींना आदल्या दिवशी माणसं मोजून सांगा. "आठ-दहा जण असू" असं सांगणं म्हणजे त्यांच्या भाताच्या अंदाजाचा अपमान.

रायगडात रोहा-अलिबागकडे असाल तर रात्री पोपटी लावा. वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून उलटं ठेवून भोवती जाळ. दिवसभर पाण्यात राहिलेल्या अंगाला त्या जाळाची ऊब फार भावते.

२१. कोलाडला कुंडलिकेत ट्यूब घालता येईल का? तिथे तर वर्षभर पाणी असतं.

वर्षभर पाणी असतं हीच तिथली मेख. ते पाणी नदीचं कमी आणि विजेचं जास्त. घाटावरच्या मुळशी धरणातून ते खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत सुटतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे, आणि ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा केला तेच हे धरण. सकाळी पाणी सुटलं की नदी फुगते, राफ्टिंगवाले त्यावर स्वार होतात, काही तासांनी ती पुन्हा उतरते.

म्हणजे कोरड्या वेळी शांत दिसणाऱ्या पात्रात तुम्ही पहुडलेले असताना वरून पाणी सुटू शकतं, आकाशात एक ढग नसताना. तिथे स्वतःची ट्यूब घेऊन जाऊ नका. नोंदणी असलेल्या स्थानिक व्यावसायिकाबरोबर जा, पाणी सुटायची वेळ विचारा, जॅकेट आणि हेल्मेट स्वतः तपासा. वाशिष्ठीलाही वरून पोफळीच्या वीजगृहाचं, म्हणजे कोयनेचं, पाणी येतं. तिथला दुसरा मुद्दा प्रश्न १५ मध्ये आहेच.

२२. आपण पाण्यात असताना वरून पाणी वाढतंय हे कळतं कसं?

आधी रंग. स्वच्छ पाणी दुधाळ किंवा तांबूस व्हायला लागतं. मग पालापाचोळा आणि काटक्या एकदम जास्त वाहून येतात. मग आवाज, जणू लांबून ट्रक येतोय. मघाशी कोरडा असलेला दगड ओला झालेला दिसतो. यातलं एकही दिसलं तर चर्चा नको, जवळच्या काठाला लागा आणि उंचावर चढा. ट्यूब गेली तर जाऊ द्या.

२३. कुणी बुडायला लागलं तर? आणि बाहेर काढल्यावर?

त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या डोक्यावर चढतो. ट्यूब ढकला, दोर फेका, बांबू पुढे करा. प्रत्येक गटात पंधरा-वीस मीटर दोर हवाच, आणि तो गाठोड्याच्या तळाशी नको.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, पालथं घालून पाणी काढणं, पाय धरून फिरवणं, हे सगळं थांबवा. गावात कुणीतरी हे सुचवणारच, नम्रपणे बाजूला करा. माणूस उताणा ठेवा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोरात दाब : ३० दाब, २ श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. शुद्धीवर आला, हसायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचं. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. हे सगळं निघण्याआधी अंगणात एकदा उशीवर करून बघा. आम्ही करतो, हसत हसत का होईना.

२४. सहल झाल्यावर ट्यूबचं काय करायचं? पुढच्या वर्षी टिकतात का?

टिकतात. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, हवा पूर्ण न काढता थोडी राहू द्या म्हणजे घडीवर भेग पडत नाही, आणि अंगाला टाल्कम पावडर चोळून ठेवा, नाहीतर रबर रबराला चिकटतं. डिझेल-रॉकेलच्या डब्यापासून लांब. आम्ही पहिल्या वर्षी त्या माळ्यावर गवतात ठेवल्या होत्या, डिसेंबरात काढल्या तर चारांपैकी तीन उंदरांनी कुरतडलेल्या. आता न्हाणीघरातल्या आढ्याला टांगतो. मावशींचं म्हणणं, रात्री उठलं की दचकायला होतं.